गेममधला तो मठ ज्याने उभारला, त्या प्रोकोपची गोष्ट

'किंगडम कम: डिलिव्हरन्स' हा गेम खेळलेल्या माणसाला सासाऊचा मठ विसरता येत नाही. त्याचं कारणही तसंच आहे.

तोपर्यंत आपला हिरो हेन्री घोड्यावरून रानोमाळ फिरत असतो. हाताला तलवार, अंगात चिलखत, मनात आईबापाच्या खुनाचा सूड. आणि अचानक एक मिशन येतं. दरोडेखोरांच्या टोळीतला एक जण या मठात नवशिका संन्यासी बनून लपलाय, त्याला शोधायचं. म्हणजे हेन्रीनेही संन्यासी व्हायचं. तलवार बाहेर, चिलखत बाहेर, अंगात झगा. घंटा झाली की प्रार्थना, घंटा झाली की जेवण, घंटा झाली की काम, घंटा झाली की झोप. वेळ चुकली, नको तिथं सापडलात, तर पकडून थेट कोठडी.

काही प्लेअर या मिशनला कंटाळले, काहींना गेममधला हाच भाग सगळ्यात भारी वाटला. पण आजूबाजूला बघत फिरणाऱ्यांना एक गोष्ट नक्की दिसली असेल. मठाचं चर्च अर्धवट आहे. परांची बांधलेली आहे, दगड घडवणं सुरू आहे.

हा मठ गेमवाल्यांच्या डोक्यातून आलेला नाही. प्रागच्या 'वॉरहॉर्स स्टुडिओ'ने 2018 मध्ये आणलेल्या या गेमचा सगळा मॅपच चेक देशातल्या एका खऱ्या भागावर बेतलेला आहे. गेममध्ये साल आहे 1403. सासाऊ हे साझावा या गावाचं जर्मन नाव. प्रागच्या आग्नेयेला, साझावा नदीच्या काठावर हा मठ आजही उभा आहे.

आणि तो उभा राहिला एका माणसामुळे. प्रोकोप त्याचं नाव. चेक लोकांच्या राष्ट्रीय संतांपैकी एक. गेमचा काळ सुरू होतो तेव्हा त्याला जाऊन 350 वर्षं झाली होती. पण मठ त्याच्याच नावाने ओळखला जात होता.

आता गंमत अशी की ज्या गोष्टीसाठी प्रोकोपने हा मठ उभा केला, तीच गोष्ट 1403 पर्यंत तिथून पार पुसली गेली होती. ती गोष्ट म्हणजे भाषा.

थोडं मागे जाऊ. साल 863. आजच्या चेक आणि स्लोव्हाक भागात तेव्हा मोराव्हियाचं राज्य होतं. तिथल्या राजाच्या बोलावण्यावरून कॉन्स्टँटिनोपलहून सिरिल आणि मेथोडियस हे दोन भाऊ आले. त्या काळात पश्चिम युरोपात ख्रिस्ती प्रार्थना चालायची लॅटिनमध्ये. समोर बसलेल्या शेतकऱ्याला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. या भावांनी स्लाव्ह लोकांच्या बोलीला जवळची भाषा घेतली, तिच्यासाठी सिरिलने नवी लिपी तयार केली आणि प्रार्थना, बायबलचे भाग त्या भाषेत उतरवले. या लिपीला म्हणतात ग्लागोलिटिक. गोल, चौकोन, त्रिकोण यांची जुळवाजुळव केल्यासारखी तिची अक्षरं दिसतात.

885 मध्ये मेथोडियस वारला आणि त्याच्या शिष्यांना मोराव्हियातून हाकलून देण्यात आलं. जर्मन धर्मगुरूंना ही भाषा नको होती. शिष्यांपैकी बरेच जण बल्गेरियाकडे गेले. पण शेजारच्या बोहेमियात या परंपरेची धुगधुगी कुठंतरी शिल्लक राहिली.

प्रोकोप त्या धुगधुगीतूनच आला.

त्याचा जन्म साधारण 970 च्या आसपास, खोतौन नावाच्या गावात झाला असं परंपरा सांगते. तो शिकला, धर्मगुरू झाला. त्याला जुनी स्लाव्ह भाषा आणि तिची लिपी येत होती. त्याला घरदारही होतं. पोराचं नाव यिम्राम. संताला मुलगा कसा, असं वाटू शकतं. पण त्या काळच्या बोहेमियात धर्मगुरूने लग्न करणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती.

मग कधीतरी त्याने हे सगळं सोडलं आणि साझावा नदीकाठच्या जंगलात जाऊन एका गुहेत राहायला लागला.

इथून पुढे इतिहास आणि आख्यायिका एकमेकांत अशा मिसळतात की वेगळ्या काढणं अवघड. आख्यायिका म्हणते की त्या गुहेत आधी सैतानांचा तळ होता आणि प्रोकोपने त्यांना पिटाळून लावलं. हेही सांगतात की त्याने एका सैतानाला पकडून चक्क नांगराला जुंपलं, हातातल्या क्रुसाचा आसूड केला आणि साझावापासून आपल्या जन्मगावापर्यंत जमीन नांगरत नेली. त्या भागात जमिनीत एक लांबलचक चर आजही आहे. लोक त्याला सैतानाचा तास म्हणतात. तास म्हणजे नांगराने पडणारी ओळ, गावाकडच्यांना सांगायची गरज नाही.

नांगर, जंगल साफ करणं, जमीन लागवडीखाली आणणं. यातला सैतान बाजूला ठेवला तरी उरणारं चित्र खरं वाटतं. रानात एकटा राहणारा, हाताने कष्ट करणारा माणूस. हळूहळू त्याच्याभोवती माणसं जमायला लागली. गरीब यायचे, आजारी यायचे, आणि त्याच्यासारखं राहायचं म्हणणारेही यायचे. चेक शेतकरी त्याला आपला संत मानतात ते यामुळेच.

त्याचं नशीब पालटलं ते एका शिकारीमुळे. बोहेमियाचा राजा म्हणावा असा सत्ताधीश तेव्हा होता ड्यूक ओल्द्रिख. शिकार करता करता तो या जंगलात आला आणि त्याला प्रोकोप भेटला. तहानलेल्या ओल्द्रिखला प्रोकोपने पाणी दिलं आणि त्याला ते दारूसारखं गोड लागलं, अशी कथा आहे. नंतरच्या कथाकारांनी त्यात हरणही घातलं, ज्याच्या शिंगांमध्ये क्रूस चमकत होता.

चमत्कार झाला की नाही ते जाऊ दे. ओल्द्रिखने जमीन दिली हे महत्त्वाचं. साधारण 1032 च्या सुमारास साझावाचा मठ सुरू झाला. ओल्द्रिखचा मुलगा ब्रेतिस्लाव गादीवर आल्यावर त्यानेही पाठिंबा कायम ठेवला आणि प्रोकोप मठाधिपती झाला.

आता प्रोकोपने नेमकं काय केलं ते बघा. मठाचे नियम त्याने घेतले बेनेडिक्टाइन. हे नियम म्हणजे पश्चिम युरोपातल्या मठांची पक्की चौकट. कधी उठायचं, किती वेळा प्रार्थना, किती काम, किती मौन, सगळं ठरलेलं. गेममध्ये हेन्रीला छळणारं वेळापत्रक हेच. म्हणजे चौकट पश्चिमेची, पण त्यातली प्रार्थना जुन्या स्लाव्ह भाषेत. रोमशी त्याचं भांडण नव्हतं. त्याने वेगळा पंथ काढला नाही, पोपला आव्हान दिलं नाही. फक्त देवाशी बोलायची भाषा त्याने बदलली.

ही भाषा म्हणजे तिथल्या बाजारात चालणारी चेक बोली नव्हतीच. ती पुस्तकी होती, जुनी होती. पण लॅटिन ऐकताना परक्या देशात आल्यासारखं वाटणाऱ्या माणसाला या भाषेतले शब्द ओळखीचे वाटायचे. देव, पाणी, भाकरी, आई हे आपल्याच घरातले शब्द आहेत, हे कळायचं. आणि साझावात फक्त प्रार्थना होत नव्हत्या. इथं पुस्तकं लिहिली जायची, नकला व्हायच्या. किएव्हकडच्या स्लाव्ह ख्रिस्ती जगाशीही या मठाचे धागे होते. बोरिस आणि ग्लेब हे तिकडचे दोन राजपुत्र संत. त्यांच्या अवशेषांचा भाग 1095 मध्ये साझावाच्या एका वेदीत ठेवल्याची नोंद आहे.

25 मार्च 1053 ला प्रोकोप गेला. मरणापूर्वी त्याने पुतण्या वित आणि मुलगा यिम्राम यांना जवळ बोलावून पुढचं सगळं सांगितलं, असं त्याचे चरित्रकार लिहितात. तुम्हाला इथून हाकलतील, काही वर्षं परक्या देशात काढाल, मग परत याल. भविष्यवाणी घटना घडून गेल्यावर लिहिली गेली असणार, हे उघड आहे. पण घटना मात्र तशीच घडली.

प्रोकोपच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, 1054 मध्ये, रोम आणि कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. पूर्वेकडून आलेली कुठलीही गोष्ट पश्चिमेला संशयास्पद वाटू लागली. आणि साझावाची लिपी, पुस्तकं, प्रार्थना हे सगळं मूळचं पूर्वेकडचंच. 1055 मध्ये नवा ड्यूक स्पितिह्न्येव्ह गादीवर आला. त्याचे कान भरले गेले. हे लोक स्लाव्ह अक्षरांच्या आडून पाखंड पसरवतात, असा आरोप झाला. मठाधिपती झालेला वित, यिम्राम आणि त्यांचे सोबती थेट हंगेरीला निघून गेले. साझावात लॅटिनवाले आले, त्यांचा मठाधिपती जर्मन.

इथं प्रोकोपची सगळ्यात भन्नाट आख्यायिका येते. नवा मठाधिपती पहिल्या रात्री प्रार्थनेला निघाला तर दारात मेलेला प्रोकोप उभा. तू इथं कुणाच्या परवानगीने राहतोस, असं विचारून त्याने निघून जायला बजावलं. मठाधिपतीने मनावर घेतलं नाही. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्री तेच. शेवटी प्रोकोपने हातातल्या दंडाने त्याला असं बडवलं की तो गडी रातोरात पळत सुटला. संताच्या चरित्रात दया, क्षमा, शांती असं काहीतरी असेल अशी अपेक्षा असते. इथं संत काठी घेऊन मागे लागलाय.

भुताने केलं की राजकारणाने, पण 1061 मध्ये पारडं खरंच फिरलं. स्पितिह्न्येव्ह गेला, त्याचा भाऊ व्रातिस्लाव आला आणि त्याने हंगेरीतल्या मंडळींना मानाने परत बोलावलं. पुढची 35 वर्षं साझावासाठी चांगली गेली. 1070 मध्ये मठाच्या आवारात पवित्र क्रुसाचं एक छोटं चर्च झालं, चार पाकळ्यांच्या फुलासारख्या आकाराचं. याच काळात बोझेत्येख नावाचा मठाधिपती होऊन गेला. हा माणूस चित्रकार, मूर्तिकार आणि बांधकामातलाही जाणकार. पण जरा आगाऊ. एका सणाला त्याने राजाच्या डोक्यावर मुकुट ठेवला. हा मान होता बिशपचा. बिशप असा भडकला की त्याने शिक्षा सुनावली: माणसाच्या उंचीएवढा क्रूस स्वतः घडव, पाठीवर घे आणि रोमला नेऊन ठेव. बोझेत्येखने तो घडवला आणि रोमच्या सेंट पीटर चर्चपर्यंत वाहून नेला, असं मठाच्या इतिहासात लिहून ठेवलंय.

व्रातिस्लावने मात्र एक मोठी चाल खेळून बघितली. स्लाव्ह भाषेतल्या प्रार्थनेला अधिकृत मान्यता द्यावी, अशी विनंती त्याने पोप सातवा ग्रेगरी यांच्याकडे केली. जानेवारी 1080 मध्ये उत्तर आलं. नकार. पोपचं म्हणणं थोडक्यात असं की धर्मग्रंथातल्या काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. सगळ्यांना सगळं कळायला लागलं तर लोक चुकीचे अर्थ काढतील आणि ग्रंथाचा मान कमी होईल.

म्हणजे अडचण लिपीची किंवा व्याकरणाची नव्हतीच. लोकांना कळेल, हीच अडचण होती.

या नकारानंतर साझावाचे दिवस भरले. व्रातिस्लावचा मुलगा दुसरा ब्रेतिस्लाव याने 1096-97 च्या सुमारास स्लाव्ह मठवाशांना कायमचं बाहेर काढलं. प्रागजवळच्या ब्रझेव्हनोव्ह मठातून लॅटिन बेनेडिक्टाइन आले. त्यांचा मठाधिपती दीथार्ड. त्याने मठाचं पुस्तकालय उघडलं, तर स्लाव्ह पुस्तकांशिवाय काहीच नाही. मग लागणारी लॅटिन पुस्तकं त्याने रात्रंदिवस बसून स्वतः लिहून काढली. आणि ती स्लाव्ह पुस्तकं? ती फाटली, विखुरली, नष्ट झाली. 60-65 वर्षांचं काम. त्या काळच्या बोहेमियातून ग्लागोलिटिक लिखाणाचे आज जे मोजके तुकडे हाताला लागतात, त्यांचा संबंध अभ्यासक साझावाशी जोडतात. पण ते तुकडेच.

आता खरा पेच बघा. प्रोकोपबद्दल आज आपल्याला जे काही माहीत आहे, ते आलंय कुठून? त्याच्या आज उपलब्ध असलेल्या चरित्रांतली सगळ्यात जुनी चरित्रं लॅटिनमध्ये आहेत. स्लाव्ह मठवाशांची हकालपट्टी, त्यांच्या पुस्तकांचं काय झालं, दीथार्डने किती मेहनत घेतली, बोझेत्येखचा क्रूस, हे सगळं बाराव्या शतकात साझावातल्याच एका मठवाशाने लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. म्हणजे ज्यांना बसवण्यासाठी प्रोकोपच्या लोकांना उठवलं, त्यांच्याच वारसदारांनी त्याची आठवण जपली. मठाधिपतीला काठीने बडवण्याची गोष्टसुद्धा लॅटिनमध्येच आहे. ती लिहिताना लिहिणाऱ्याच्या मनात काय आलं असेल, याचा विचार केला की हसूही येतं आणि पुढे काही सुचत नाही.

यामागे व्यवहार नव्हता असं नाही. आपल्या मठात संताची समाधी आहे म्हटल्यावर लोक येतात, दान येतं, मान मिळतो. 1204 मध्ये प्रोकोपला संत म्हणून मान्यता मिळाली. त्याचीही एक कथा आहेच. रोममध्ये काम लांबत चाललं, तेव्हा प्रोकोप पोपच्या स्वप्नात गेला आणि तिथंही त्याने दंड उगारला. पोप तयार झाले. एकूण या संताचा दंडावर भारी विश्वास.

काळ पुढे सरकला. चौदाव्या शतकात बोहेमियाचा राजा आणि पुढे सम्राट झालेल्या चौथ्या चार्ल्सला ही जुनी स्लाव्ह परंपरा पुन्हा हवीशी वाटली. त्याने 1347 मध्ये प्रागमध्ये एमाउस मठ स्थापन केला आणि तिथं ग्लागोलिटिक जाणणारे मठवासी क्रोएशियातून आणले. या मठाला त्याने एक जुनं हस्तलिखित दिलं. सिरिलिक लिपीतली बायबलची काही पानं. ती प्रोकोपने स्वतःच्या हाताने लिहिली आहेत, अशी तेव्हाची श्रद्धा होती. 1395 मध्ये एमाउसच्या मंडळींनी त्याला ग्लागोलिटिक भाग जोडला आणि प्रोकोपच्या हस्ताक्षराची ही गोष्ट त्यात लिहूनही टाकली.

पुढे धामधुमीत ते पुस्तक बोहेमियाबाहेर गेलं आणि 1574 मध्ये फ्रान्समधल्या रेंस शहराच्या कॅथेड्रलमध्ये पोहोचलं. फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक व्हायचा तो याच कॅथेड्रलमध्ये. राजे या पुस्तकावर हात ठेवून शपथ घ्यायचे अशीही एक परंपरा सांगितली जाते. तिच्यावर वाद आहेत. पण पुस्तक आजही रेंसमध्येच आहे आणि साझावाच्या नावाशी जोडलेलं आहे. त्यातली सिरिलिक पानं अकराव्या शतकातली आहेत, म्हणजे प्रोकोपच्याच शतकातली.

आणि आता येतं 1403. गेमचं साल.

हेन्री झगा घालून आत शिरतो तेव्हा साझावाचे बेनेडिक्टाइन लॅटिनमध्ये प्रार्थना करत होते. चौदाव्या शतकात त्यांनी जुन्या चर्चच्या जागी भव्य गॉथिक चर्च बांधायला काढलं होतं. गेममध्ये दिसणारी परांची ती हीच. प्रोकोपची समाधी तिथंच होती, लोक दर्शनाला येत होते. त्याच्यावर चेक भाषेत कवितेतली चरित्रकथाही चौदाव्या शतकात लिहिली गेली. त्यातला प्रोकोप आणखी चेक झालाय आणि त्याने पळवून लावलेला मठाधिपती आणखी जर्मन.

तिकडे प्रागमध्ये 1402 पासून बेथलेहेम चॅपलमध्ये यान हुस नावाचा एक धर्मगुरू प्रवचनं देत होता. चेक भाषेत. लोक तुडुंब गर्दी करत होते. प्रोकोपच्या वेळचा प्रश्न पुन्हा वर आला होता, आणि या वेळी हुस रोमशी भांडायलाही मागे हटला नाही. 1415 मध्ये त्याला जिवंत जाळलं. त्याचे अनुयायी हुसाईट शस्त्रं घेऊन उठले. मठांच्या जमिनी, संपत्ती आणि लॅटिन धर्मसत्ता यांच्याविरुद्ध त्यांचा राग होता. 1421 मध्ये त्यांनी साझावाचा मठ ताब्यात घेतला. मठाची मालमत्ता सरदारांकडे गेली. आणि बांधकाम जे थांबलं, ते थांबलंच.

म्हणजे गेममध्ये परांचीवर काम करणारे गवंडी जे चर्च बांधताना दिसतात, ते कधीच पूर्ण होणार नव्हतं.

मठवासी पुढे परत आले, पण जुना थाट आला नाही. 1588 मध्ये प्रोकोपचे अवशेष प्रागच्या किल्ल्यातल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये हलवण्यात आले. 1785 मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने मठच बंद केला आणि इमारतींचा वाडा झाला. आज ते सरकारी संरक्षित स्मारक आहे. प्रागच्या चार्ल्स पुलावर गेलात तर प्रोकोपचा पुतळाही दिसेल, 1712 चा. सोबत सैतान आहेच.

आणि गेममध्ये पाहिलेलं ते चर्च? साझावाला गेल्यावर ते तसंच दिसतं, फक्त परांची आणि माणसं नाहीत. गॉथिक कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, त्यांच्यावर छप्पर कधी चढलंच नाही. मठाच्या बागेत उत्खननात सापडलेला एक जुना पाया आहे, चार पाकळ्यांच्या फुलाच्या आकाराचा. पवित्र क्रुसाच्या त्या 1070 मधल्या छोट्या चर्चचा तो पाया. प्रोकोपचे लोक तिथं आपल्या भाषेत प्रार्थना म्हणायचे.